डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटचा एक फॉर्म आणि २,३४० डॉलर्स



आरोग्य आणि अर्थकारणाच्या या पानावर आजवर डॉक्टर मंडळींनी लिहिले, हिशेबाच्या जाणकारांनी लिहिले. मी या दोन्हींपैकी कोणी नाही. सॉफ्टवेअरच्या नोकरीत बारा वर्षे काढलेला एक इंजिनिअर आहे, एवढेच. पण गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभे असताना हॉस्पिटलच्या बिलांचा विषय निघाला आणि बटाट्याच्या भाजीपर्यंत पोहोचेतो चार कुटुंबांनी जवळजवळ एकच गोष्ट सांगितली. मीही माझी सांगितली, आणि त्यावर घरी काय उपाय केला तेही सांगितले. मागे आपले संपादक उभे होते. "हे लिहून द्या," म्हणाले. म्हणून हा प्रपंच.

२०२२ च्या मार्चमध्ये आमच्या मुलीचे डोके दुखू लागले. ती तेव्हा आठ वर्षांची होती. शाळेतून आली की डोळे मिटून सोफ्यावर पडायची. पंधरा दिवस आम्ही 'ऊन लागले असेल', 'झोप कमी झाली असेल' अशी एकमेकांची समजूत घातली. मग मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो आणि त्यांनी खात्री करून घ्यावी म्हणून एमआरआय करायला सांगितला. त्या आठवड्यात आम्हा दोघांना किती झोप लागली असेल ते सांगायला नको. मी कॅलेंडरमध्ये नोंद केली : 'एमआरआय, सकाळी ९.१५'. निळ्या रंगाची एक चौकट. रिपोर्ट स्वच्छ आला. पुढे डोळे तपासले तेव्हा नंबर निघाला, चष्मा लागला आणि डोकेदुखी गेली. आम्ही देवापुढे पेढे ठेवले आणि विषय संपला असे समजलो.

कॅलेंडरच्या हिशेबी तो खरेच संपला होता. ९.१५ वाजून गेले, चौकट फिकी पडली, आठवडा पुढे सरकला.

विमा कंपनीच्या हिशेबी मात्र तो तिथून सुरू होत होता. १९ एप्रिल तारखेचे पत्र आले की तपासणीसाठी पूर्वपरवानगी घेतलेली नाही, सबब क्लेम नामंजूर. पत्र मी वाचले. पत्नीने हॉस्पिटलच्या बिलिंग खात्याला फोन केला. "तुम्ही काळजी करू नका, आम्ही पुन्हा पाठवतो," असे उत्तर मिळाले. पत्र ड्रॉवरमध्ये गेले. उन्हाळ्यात आम्ही भारतात जाऊन आलो. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात हॉस्पिटलचे बिल आले : २,३४० डॉलर्स.

"तू नंतर परत फोन केला होतास ना?" मी विचारले.

"मला वाटलं तू अपील करणार होतास," ती म्हणाली.

नोकरीतून मिळणाऱ्या आरोग्यविम्यात नकाराची सूचना मिळाल्यापासून अपील करायला निदान १८० दिवस मिळतात. १९ एप्रिलपासून मोजले तर ते १६ ऑक्टोबरला संपतात. पत्र दोन-चार दिवस उशिरा मिळाले असे धरले तरी आम्ही तीन आठवडे उशिरा जागे झालो होतो. दरमहा २६० प्रमाणे नऊ हप्त्यांत ते पैसे फेडले. पैशांपेक्षा जास्त लागले ते हे, की दोघेही इंजिनिअर, दोघेही ऑफिसात इतरांच्या डेडलाइन्स सांभाळणारे, आणि घरची एक तारीख कोणाच्याच नावावर नव्हती.

त्या रात्री मला आठवले ते डोंबिवलीच्या आमच्या स्वयंपाकघरातले कालनिर्णय. १९७३ साली निघालेले ते कॅलेंडर मराठी घराघरांत भिंतीवर असते, आणि निम्म्या घरांत तेच हिशेबाची वहीही असते. आमची आई प्रत्येक तारखेच्या चौकटीत ठरलेल्या जागी लिहायची : वरच्या कोपऱ्यात दुधाचा आकडा, दूध आले नाही तर फुली, खाली इस्त्रीला गेलेले कपडे, आणि गॅसचा नंबर लावला की 'गॅ' अक्षराभोवती गोल. महिनाअखेरीला दूधवाला आला की भिंतीकडे बघून दोन मिनिटांत हिशेब. तारीख उलटली म्हणून त्या चौकटीचे काम संपत नसे. पैसे चुकते झाले की संपायचे. छापलेल्या चौकटीत तिने स्वतःचे रकाने पाडून घेतले होते. माझ्या हजार डॉलर्सच्या संगणकावरच्या चौकटीत मात्र विषय, जागा, वेळ आणि खाली एक मोकळी जागा, एवढेच.

आता ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हसू नये, पण असे रकाने पाडायची सोय आउटलुकमध्ये १९९७ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. मी स्वतः ऑफिसात ती वापरली होती, घरासाठी वापरावी असे कधी सुचले नाही. विंडोजवरचे जुन्या पद्धतीचे, ज्याला आता 'क्लासिक' म्हणतात, ते आउटलुक त्यासाठी लागते. कसे करायचे ते थोडक्यात सांगतो. संगणकाचा कंटाळा असणाऱ्यांनी पुढचे दोन परिच्छेद घरातल्या कॉलेजवीराच्या हाती द्यावेत.

आधी फाइलमध्ये ऑप्शन्स, त्यात कस्टमाइझ रिबन, आणि तिथे 'डेव्हलपर' या शब्दापुढे खूण करायची. मग कॅलेंडरमध्ये 'दवाखाना' नावाचे एक वेगळे कॅलेंडर उघडायचे, म्हणजे वाढदिवस आणि ऑफिसच्या मीटिंगांची सरमिसळ होत नाही. डेव्हलपरमध्ये 'डिझाइन अ फॉर्म' दाबून स्टँडर्ड फॉर्म्सच्या यादीतला 'अपॉइंटमेंट' उघडला की नेहमीचा फॉर्म दिसतो, पण शेजारी पी.२ ते पी.६ अशी कंसातली कोरी पाने असतात. अपॉइंटमेंटच्या पहिल्या पानावर आपल्याला काही बदलता येत नाही. मी पहिल्या रात्री तासभर तिथेच डोके आपटले. आपले सगळे काम पी.२ वर. 'फील्ड चूझर' नावाच्या खिडकीत 'न्यू' दाबून रकान्याला नाव द्यायचे आणि त्याचा प्रकार ठरवायचा : मजकूर, रक्कम, तारीख, की नुसते हो-नाही. मग तो उचलून पानावर ठेवायचा. ठेवल्याबरोबर पानाचे नाव कंसाबाहेर येते, म्हणजे ते वापरताना दिसणार. ठरावीक उत्तरांतून निवड हवी असेल तर 'कॉम्बो बॉक्स' घेऊन उत्तरे अर्धविरामाने तोडून लिहायची. आमच्या 'कोणासाठी' या रकान्यात घरातल्या माणसांची नावे अशीच घातली आहेत.

सगळ्यात महत्त्वाचे शेवटी. फॉर्म नुसता सेव्ह करून चालत नाही, 'पब्लिश' करावा लागतो, तोही त्या 'दवाखाना' कॅलेंडरमध्येच. त्यानंतर त्या कॅलेंडरवर उजवे बटण दाबून प्रॉपर्टीजमध्ये 'या फोल्डरमध्ये नवी नोंद करताना हा फॉर्म वापरा' अशा अर्थाची जी ओळ आहे, तिथे आपला फॉर्म निवडायचा. आधीच्या नोंदी आपोआप नव्या फॉर्ममध्ये येत नाहीत, त्यांचा नाद सोडावा. फॉर्ममध्ये प्रोग्रॅम लिहायचा मोह झाला तरी टाळावा. २०१७ पासून सुरक्षेच्या कारणासाठी फॉर्ममधले असे प्रोग्रॅम मुळातच बंद ठेवलेले असतात आणि घरच्या कामाला त्यांची गरजही नाही.

माझ्या पहिल्या फॉर्ममध्ये तेवीस रकाने होते. डॉक्टरांचा फॅक्स नंबरसुद्धा होता. पत्नीने पडद्याकडे पाहिले आणि म्हणाली, "हा फॉर्म भरायला आधी अपॉइंटमेंट घ्यावी लागेल." दोन आठवड्यांत मीही भरेनासा झालो. मग चहा घेत बसून आम्ही एकेक रकाना खोडला. ज्याचे उत्तर आपण खरोखर पुन्हा शोधणार आहोत तेवढाच ठेवायचा, असे ठरले. दहा उरले : कोणासाठी, पूर्वपरवानगीचा नंबर, काय विचारायचे, डॉक्टर काय म्हणाले, ईओबी आले का, त्यातला आपला वाटा, बिलाची रक्कम, कुठून भरले, नकारपत्राची तारीख, अपिलाची शेवटची तारीख.

यातल्या ईओबीबद्दल दोन शब्द, कारण नवीन आलेल्या मंडळींचा इथेच घोळ होतो. एक्स्प्लनेशन ऑफ बेनिफिट्स म्हणजे विमा कंपनीने पाठवलेला हिशेबाचा कागद. 'हे बिल नाही' असे त्यावर लिहिलेले असते म्हणून लोक तो फेकून देतात. खरे तर बिल बरोबर आहे की नाही हे ठरवायचे मापच ते. डॉक्टरांनी किती लावले, कंपनीने किती मान्य केले, किती दिले आणि तुमच्या वाट्याला किती, हे सगळे त्यात असते. आमच्या घरात आता नियम असा, की बिल आधी आले तर ईओबी येईपर्यंत ते भरायचे नाही, पण बाजूला टाकूनही द्यायचे नाही. बिलिंग खात्याला फोन करून तसे सांगायचे, आणि कोणाशी, कधी बोललो ते फॉर्मखालच्या मोकळ्या जागेत लिहायचे. 'आपला वाटा' आणि 'बिलाची रक्कम' हे दोन रकाने मुद्दाम शेजारी ठेवले आहेत. आकडे जुळले नाहीत की डोळ्यांत खुपतात.

शेवटचा रकाना आपोआप भरतो. त्याला सूत्र दिले आहे : नकारपत्राच्या तारखेत १८० दिवस मिळवा. मुदत पत्र मिळाल्यापासून मोजतात, पण आम्ही पत्रावरचीच तारीख धरतो. चार दिवस हाताशी राहतात. गंमत अशी, की नकारपत्र आलेलेच नसले तर तो रकाना अपिलाची तारीख इ.स. ४५०१ मधली दाखवू लागला! आउटलुकमध्ये 'तारीख नाही' याचा अर्थ आतल्या आत १ जानेवारी ४५०१ असा साठवलेला असतो. सूत्रात 'तारीख नसेल तर कोरे ठेव' अशी अट घालावी लागली. आणखी एक गोष्ट अनुभवाने कळली. रकान्यात तारीख आली म्हणजे घंटा वाजत नाही. आठवण हवी असेल तर त्या तारखेच्या महिनाभर आधी वेगळी नोंद करून तिला रिमाइंडर लावावा लागतो, आणि त्या नोंदीच्या विषयातच लिहावे की हे काम कोणाचे. आमच्या घरी आता 'अपील – बाबा' किंवा 'अपील – आई' असे लिहिलेले असते.

कागदपत्रे भरत राहणे हा भाग कंटाळवाणा आहे, ते नाकारत नाही. पण महिन्यातून एकदा, रविवारी पोह्यांनंतर, आम्ही ते कॅलेंडर तारखांच्या चौकटींऐवजी यादीच्या रूपात उघडतो. 'चेंज व्ह्यू'मध्ये 'लिस्ट' निवडून आपले रकाने वर आडवे लावता येतात आणि 'ईओबी आले का : नाही' एवढ्याच नोंदी गाळून घेता येतात. बहुतेक वेळा तीन-चार ओळी निघतात. दहा मिनिटांचे काम.

२०२४ मध्ये पत्नीच्या खांद्याची फिजिओथेरपी चालू होती. मंजूर भेटींपेक्षा जास्त भेटी झाल्या म्हणून शेवटच्या काही भेटींचे ६८५ डॉलर्स नामंजूर झाले. पूर्वपरवानगीचा नंबर आणि ती किती भेटींची होती हे फॉर्मवर लिहिलेले होते, आणि मोजणी त्यांची चुकली होती. पत्राबरोबर यादी छापून पाठवली. एकेचाळीस दिवसांनी क्लेम मंजूर झाला. उपचार होऊन गेल्यानंतरच्या अशा अपिलाचा निकाल साधारण ६० दिवसांत द्यावा लागतो, आणि अंतर्गत अपीलही फेटाळले गेले तर पुढे चार महिन्यांच्या आत बाहेरच्या, स्वतंत्र पुनर्विचाराची मागणी करता येते. पण ती सोय वैद्यकीय निर्णयावरच्या वादांसारख्या ठरावीक प्रकरणांत असते, हे लक्षात ठेवावे. आम्हाला तिथवर जावे लागले नाही.

'कुठून भरले' या रकान्याचा उपयोग सुरुवातीला मलाही नीट कळला नव्हता. ज्यांचे एचएसए खाते आहे त्यांनी हे वाचावे. खाते उघडल्यानंतरचा पात्र खर्च तुम्ही आज खिशातून केलात, तर ते पैसे त्याच वर्षी खात्यातून काढले पाहिजेत असे बंधन नाही. पाच वर्षांनीही काढता येतात. मात्र त्याची भरपाई दुसरीकडून मिळालेली नसावी, त्यावर करात वजावट घेतलेली नसावी आणि पावती दाखवता आली पाहिजे. तेव्हा पावतीचा फोटो त्या नोंदीलाच जोडून ठेवतो आणि रकान्यात 'खिशातून, एचएसए बाकी' असे लिहितो. एफएसएचे तसे नाही. तिथे वर्ष संपले की पैसे बुडू शकतात. काही कंपन्या थोडी रक्कम पुढे नेऊ देतात, काही अडीच महिन्यांपर्यंत सवलत देतात, काही दोन्ही देत नाहीत. आपल्या कंपनीचा नियम नोव्हेंबरातच विचारून घ्यावा. आईवडील इथे येतात तेव्हा घेतलेल्या प्रवासी विम्याला वरचा १८० दिवसांचा हिशेब लावू नये; त्या पॉलिसीत क्लेम पाठवायची मुदत वेगळी लिहिलेली असते, ती त्यांचे विमान उतरायच्या आत वाचलेली बरी.

पैशांच्या रकान्यांबद्दल इतके लिहिले, पण घरात सर्वांत जास्त भरला जातो तो 'काय विचारायचे' हा रकाना, आणि तो माझा नव्हे, पत्नीच्या सूचनेवरून आला. २०२३ मध्ये तिच्या वडिलांचे पुण्याला ऑपरेशन होते म्हणून ती सहा आठवडे तिकडे होती. त्याच काळात मुलीची वार्षिक तपासणी आली. आजवर या तपासण्यांना मी ड्रायव्हर म्हणून जात असे. त्या सकाळी फॉर्म उघडला तर तिने जायच्या आदल्या रात्री तीन प्रश्न लिहून ठेवले होते : रात्री दात का खाते, चष्म्याचा नंबर इतक्या लवकर वाढणे ठीक आहे का, आणि एकटी असताना गप्प असते ते विचारा, पण तिच्यासमोर नको. तिसरा प्रश्न माझ्या लक्षातच आलेला नव्हता. डॉक्टरांनी मुलीला परिचारिकेबरोबर उंची मोजायला पाठवले आणि माझ्याशी दहा मिनिटे बोलल्या. त्यांनी सांगितलेले मी गाडीत बसून 'डॉक्टर काय म्हणाले' मध्ये घालण्यासाठी फोनवर टिपून घेतले आणि रात्री पुण्याला फोन करून वाचून दाखवले. पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग, "बरं झालं विचारलंस," एवढेच.

फोनवर टिपून घेतले असे म्हणालो, त्याचे कारण सांगायलाच हवे. हे आपले रकाने फोनवरच्या कॅलेंडरमध्ये दिसत नाहीत. आउटलुकच्या वेबवरच्या आणि नव्या रूपातही हे फॉर्म चालत नाहीत, आणि अपॉइंटमेंट दुसऱ्या कॅलेंडरला पाठवली तर वेळ, जागा आणि खालचा मजकूर जातो, रकाने मागे राहतात. म्हणून डॉक्टरांचा पत्ता आणि विचारायचे प्रश्न आम्ही पहिल्या पानावरच्या मजकुरातही उतरवतो. क्लासिक आउटलुकला निदान २०२९ पर्यंत आधार देऊ असे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे. त्यापुढचे आपण बघावे. नेहमीच्या एक्सपोर्टमध्येही हे रकाने येत नाहीत. पण यादीच्या रूपात सगळ्या ओळी निवडून, कॉपी करून एक्सेलमध्ये चिकटवल्या की रकान्यांसकट येतात. दर डिसेंबरात मी तेवढे करतो आणि एक प्रत छापून कराच्या फाइलमध्ये ठेवतो.

ज्यांच्याकडे हे आउटलुक नाही त्यांनी हात जोडून बसू नये. कोणत्याही कॅलेंडरच्या नोंदीत खाली मोकळी जागा असतेच. एका नोंदीत वरचे दहा प्रश्न एकाखाली एक लिहावेत आणि पुढच्या वेळी तीच नोंद डुप्लिकेट करून तारीख बदलावी. गाळणी आणि सूत्र मिळणार नाही, पण आठ आणे काम होते. आमच्या शेजारच्या घरी काकांनी हे असेच केले आहे आणि त्यांचे माझ्यापेक्षा नियमित चालते.

एक इशारा मात्र मनापासून. हे सगळे घरच्या खात्यावर करावे, ऑफिसच्या नव्हे. ऑफिसचे कॅलेंडर कंपनीच्या मालकीचे असते. 'प्रायव्हेट' अशी खूण केली तरी व्यवस्था सांभाळणाऱ्यांना आत पाहता येते, आणि नोकरी गेली तर त्याच दिवशी कॅलेंडरही जाते. २०२३ च्या कपातीत माझ्या एका सहकाऱ्याच्या आईच्या केमोच्या सगळ्या तारखा अशा एका सकाळी हातातून गेल्या. हॉस्पिटलला फोन करून त्याने त्या परत मिळवल्या, पण तेव्हा त्याला दुसरीही कामे होती.

मुलगी आता फॉर्म पाहायला शिकली आहे. मागच्या महिन्यात तिने एक रकाना मागितला : 'इंजेक्शन आहे का?', हो किंवा नाही. अकरावा म्हणून घातला आहे. तो सोडून ती दुसरे काही वाचत नाही.